तुम्ही विचारलंत म्हणून: त्या भोकाच्या फळीत एवढं आहे तरी काय?

अमेरिकेत मुलांकडे उन्हाळा काढून आलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न. ज्याच्या त्याच्या मागच्या अंगणात भोक पाडलेल्या दोन तिरक्या फळ्या मांडलेल्या, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे त्यांवर पिशव्या टाकतायत. एवढं काय आहे त्यात? आणि लगेच दुसरा प्रश्न: आपल्याला घरी करता येईल का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या फळीतच आहे.

खेळाचं नाव कॉर्नहोल. पिशवीत पूर्वी मका भरत, म्हणून कॉर्न. फळीला भोक, म्हणून होल. समोरासमोर दोन बोर्ड, त्यांच्या पुढच्या कडांमध्ये 27 फूट अंतर. प्रत्येकाला चार पिशव्या, आळीपाळीने टाकायच्या. बोर्डवर राहिली तर 1 गुण, भोकात गेली तर 3. आधी जमिनीवर आपटून मग बोर्डवर आलेली पिशवी बाद. बोर्डवरून लोंबत जमिनीला टेकलेलीही बाद. दुसऱ्याच्या धक्क्याने तुमची पिशवी आत गेली तरी 3 गुण तुमचेच.

फेरी संपली की वजाबाकी. तुमच्या दोन भोकात आणि एक बोर्डवर म्हणजे 7. समोरच्याची एक भोकात, दोन बोर्डवर म्हणजे 5. तुम्हाला मिळाले 2, त्याला शून्य. जो आधी 21 गाठेल तो जिंकला. या वजाबाकीमुळे बरोबरीचे खेळाडू असले की डाव लांबतो, आणि मागे पडलेल्यालाही परत यायला वाव राहतो. नियमांतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

उगमाच्या कथा भरपूर आहेत, कुणी जर्मन सुतार सांगतं, कुणी केंटकीचा शेतकरी. पुरावा कशालाच नाही. कागदावर सापडतं ते 1883 चं पेटंट. हायलिगर डी विंट यांच्या ‘पार्लर क्वॉइट्स’ या खेळात फळी तिरकीच होती, भोक मात्र चौकोनी. आजचा खेळ रुजला तो ओहायोतल्या सिनसिनाटीत आणि आजूबाजूच्या केंटकी-इंडियानात. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याआधी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये गाड्यांमागे जेवणं रंगतात, तिथे हे बोर्ड मांडले जाऊ लागले. 2005 मध्ये अमेरिकन कॉर्नहोल ऑर्गनायझेशन आली, 2015 मध्ये अमेरिकन कॉर्नहोल लीग, आणि पुढे सामने ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर दिसू लागले. 2020 मध्ये कोरोनामुळे बाकीचे बहुतेक खेळ ठप्प असताना हा लवकरच परत सुरू झाला. घरात अडकलेल्यांनी तेव्हा अंगणातच बोर्ड ठोकले.

आता बोर्ड. वरची फळी 2 फूट बाय 4 फूट. भोक 6 इंच व्यासाचं. त्याचा मध्य वरच्या कडेपासून 9 इंच खाली आणि दोन्ही बाजूंपासून बरोबर 12 इंचांवर. मागची कड जमिनीपासून 12 इंच उंच, पुढची साधारण साडेतीन. म्हणजे उतार जेमतेम 10 अंशांचा, आणि सगळा खेळ त्या 10 अंशांवर उभा आहे. उतार कमी झाला तर पिशवी भोकावरून सरकून मागे जाते, जास्त झाला तर अर्ध्यातच थांबते.

8 बाय 4 ची प्लायची एक शीट आणली की चार फळ्या निघतात, म्हणजे दोन जोड. 12 मिलिमीटर चालतो, पण मला 18 च बरा वाटतो. पातळ प्लाय ढोलासारखा वाजतो आणि पिशवी उडते. 12 च घेतलात तर खाली मध्यावर, म्हणजे 24 इंचांवर, एक आडवी पट्टी द्या. भोकाच्या जवळ नको, पिशवी अडकते. आपल्याकडे करायचं तर साधा कमर्शियल प्लाय घेऊ नका, पहिल्या पावसाळ्यात पीळ पडतो. वॉटरप्रूफच घ्या.

खालची चौकट अमेरिकेत ‘टू बाय फोर’ लाकडाची करतात. त्याचं खरं माप दीड बाय साडेतीन इंच असतं, हे विसरलं की मापं चुकतात. 48 इंचांच्या दोन आणि 21 इंचांच्या दोन पट्ट्या एका बोर्डला. आडव्या पट्ट्या 24 च्या कापल्या की चौकट फळीबाहेर येते. ही हमखास होणारी चूक. स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या खाली बसवून लांबी (पुट्टी) भरा, नाहीतर पिशव्या फाटतात.

पाय चौकटीच्या आतून, बोल्ट आणि वॉशरवर फिरते ठेवा म्हणजे मिटवता येतात. पायाचं वरचं टोक गोल करा. चौकोनी ठेवलं तर कोपरा प्लायला अडतो आणि पाय उघडतच नाही. लांबीचं गणित मांडत बसू नका. बोर्डची मागची कड विटांवर 12 इंच उचलून ठेवा, पाय सरळ उभा करा, जमिनीला समांतर रेघ मारा आणि तिथे कापा. दोन पायांमध्ये आडवी पट्टी हवीच, नाहीतर दहा फेऱ्यांत डुगडुगायला लागतं.

पॉलिश पेपर 120 पासून 220 पर्यंत. भोकाची कड बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत घासा. मग पॉलियुरेथेन वॉर्निशचे तीन-चार हात, प्रत्येक दोन हातांमध्ये हलकं घासून. आरशासारखी चकाकी आणू नका. पिशवी बोर्डवर ठरतच नाही. दमट दिवशी हाच बोर्ड चिकटतो, कोरड्या दुपारी निसरडा होतो.

पिशवी 6 बाय 6 इंच, वजन 15 ते 16 औंस, म्हणजे 425 ते 450 ग्रॅमच्या आसपास. जाड डक कॅनव्हासचे 7 इंची चौकोन घ्या, अर्ध्या इंचावर दुहेरी शिलाई मारा. मका भरताना वाटीच्या मापावर जाऊ नका, काट्यावर तोला. मका हाताला मऊ लागतो, पण काही दिवसांनी त्याचा भुगा होतो, टाकताना पांढरी धूळ उडते, भिजला तर बुरशी येते आणि उंदरांना वास लागतो. म्हणून आता बहुतेक पिशव्यांत प्लॅस्टिकचे बारीक दाणे असतात. स्पर्धेच्या पिशव्यांना दोन वेगळ्या बाजू असतात: एक गुळगुळीत, सरकणारी, दुसरी लवदार, थांबणारी. कुठली बाजू खाली पडेल ते खेळाडू हातातच ठरवतो. गच्च भरलेली पिशवी चेंडूसारखी उसळते, तिला आत थोडी हालायला जागा लागते.

टाकायची कशी? खालून. चार बोटं पिशवीखाली, अंगठा वर, जशी थापलेली भाकरी तव्यावर नेताना तळव्यावर सपाट धरतो तशी. उजव्या हाताने टाकत असाल तर डावा पाय पुढे. हात मागून पुढे आणा आणि सोडताना मनगट किंचित वळवा, म्हणजे पिशवी आडवी, चकतीसारखी फिरत जाते. हे फिरणं नसेल तर ती हवेत कोलांट्या घेते, कोपऱ्यावर पडते आणि बाजूला उडते. नवख्यांच्या बहुतेक चुका इथल्याच असतात, जोराच्या नसतात. नेम भोकावर धरू नका. भोकाच्या फूट-सव्वा फूट अलीकडे टेकवा, उरलेलं अंतर उतार सांभाळतो.

नवख्याची पिशवीही बोर्डच्या 8 चौरस फुटांत कुठेतरी पडते आणि त्याला 1 मिळतो, म्हणून तो परत खेळतो. जाणकार मात्र पहिली पिशवी मुद्दाम भोकासमोर थांबवतो. आता समोरच्याला एकतर ती ढकलावी लागते (आत गेली तर 3 गुण तिच्या मालकाला), किंवा वरून थेट भोकात टाकावी लागते. त्याला ‘एअरमेल’ म्हणतात. गोट्यांमध्ये गलीच्या तोंडाशी गोटी लावून ठेवणाऱ्याला हा डाव समजावून सांगायला लागत नाही.

जागा 40 फूट लांब असली तर पुरते. फळ्या पूर्व-पश्चिम मांडू नका, संध्याकाळी एका बाजूच्या खेळाडूच्या डोळ्यांवर ऊन येतं. लहान मुलं असतील तर अंतर 21 फूट करा, आणि खेळ झाला की पिशव्या दवात ठेवू नका.