मनाली–लेह तयारी, नोंद 9: उजव्या वळणाचं भूत

सापडलं! मनाली–लेह सायकलवारीच्या सरावात पाच रविवार माझा जीव खाणारं, गिअर आपोआप बदलणारं भूत परवा सापडलं. आणि कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं), चेन, हँगर (डीरेलर जिथे टांगतात तो फ्रेमचा तुकडा) यांपैकी कुणाचाही त्यात हात नव्हता. मी मात्र तिघांनाही यथेच्छ शिव्या घालून बसले होते.

मागचं पुराण आठव्या नोंदीत आहे, इथे थोडक्यात. 11 ते 42 दात्यांची कॅसेट काढून 11 ते 51 ची बसवली, सोबत लांब केजचा डीरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), पुढे पॅडलपाशी तीच 32 दात्यांची एकुलती चेनरिंग. कारण वाटेतली तांगलांग ला ही खिंड. 5328 मीटरवर हवेचा दाब खालच्या जवळजवळ निम्मा. खाली मी जेवढा जोर तासभर टिकवते, त्यातला फार तर दोन तृतीयांश वर हाती लागेल, तोही तब्येत ठीक असली तर. म्हणजे सहा टक्क्यांच्या चढाला ताशी सहाच्या आसपास. माझ्या 29 इंची चाकांवर 32-42 ला (पुढे 32, मागे 42) त्या वेगाचा केडन्स, म्हणजे मिनिटाला पॅडलचे फेरे, येतो 57-58, आणि साठच्या खाली रेटत राहिलं की माझा डावा गुडघा तिसऱ्या दिवशी संप पुकारतो. 32-51 ला तोच वेग सत्तरच्या केडन्सने निघतो. कागदावर सगळं झकास.

मात्र कॅसेट बसली त्याच आठवड्यापासून घाटात गिअर उडायला लागला. 45 दात्यांच्या चक्रावर निवांत पॅडल मारत असावं, अचानक टक, चेन 51 वर. दोन-तीन फेऱ्या झाल्या की पुन्हा टक, परत 45. एवढंच. पण चढावर लय, श्वास आणि मनातल्या मनात चाललेली मोजणी तिन्ही एकदम तुटतात. मी नव्वद-नव्वद पॅडल मोजत चढते. सपाटीवर काही नाही. आठवड्यातल्या छोट्या राइड्सना काही नाही. स्टँडवर तर सायकल इतकी गुणी की मेकॅनिकदादा हळूहळू सायकलऐवजी माझीच तपासणी केल्यासारखे बघायला लागले.

पहिला संशय हँगरवर. गेज लावला तर वर-खाली चार मिलीमीटरचा फरक. म्हटलं, मिळाला चोर! सरळ केला, शिफ्टिंग अगदी लोण्यासारखं झालं, आणि रविवारी तिसऱ्याच हेअरपिनला (उलट फिरणाऱ्या तीव्र वळणाला) टक. पुढच्या आठवड्यात बी-स्क्रू (डीरेलर आणि कॅसेटमधलं अंतर ठरवणारा). अर्धा फेरा आत, अर्धा फेरा बाहेर, एकदा तर इतका बाहेर की डीरेलरचं छोटं चाक 51 ला घासायला लागलं. मग चेनची लांबी. मग कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग सोडवून परत 40 न्यूटन-मीटरला आवळली, कॅसेट ज्यावर बसते तो फ्रीहब हलवून पाहिला. चौथ्या रविवारच्या आधी गिअर केबलची आतली तार (इनर) आणि बाहेरचं आवरण (आउटर) दोन्ही नवे. दर वेळी स्टँडवर शंभर टक्के पास, घाटात नापास.

यात एक रडगाणं पुरवठादाराचं. नाव घेत नाही, पण मागवला होता 51 घेणारा डीरेलर, आणि खोक्यात निघाला 42 पर्यंतचाच. बदलून मिळायला अकरा दिवस. तेव्हापासून पार्सल उघडल्या उघडल्या आधी मागचा मॉडेल नंबर वाचते, मग आनंद व्यक्त करते. ड्योरेचा 5100 डीरेलर बसल्यावर त्याच्याबद्दल मात्र तक्रार नाही. इतक्या पैशात एवढी रेंज पूर्वी स्वप्नात होती.

तर चौथ्या रविवारी मी वैतागून फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि प्रत्येक टकला मोठ्याने बोलत गेले: 'सरळ', 'डावं', 'उजवं'. घरी येऊन ऐकलं. चौदा टक, त्यातले बारा उजव्या वळणांवर.

इथे माझं डोकं चालायला हवं होतं, पण आधी ते भलतीकडे धावलं. मी धरून बसले होते की दोष जोराचा आहे: जास्त चढ, जास्त ताण, कुठेतरी काहीतरी वाकतंय. पण आपण रस्त्याच्या डावीकडून चालवतो. घाट चढताना डाव्या हेअरपिनला आतल्या कडेने जावं लागतं, आणि सगळ्यात उभा चढ तिथेच असतो. उजव्याला आपण बाहेरून लांब वळसा घेतो, तो त्यामानाने सौम्य. ताणाचा दोष असता तर डाव्या वळणांवर बारा आणि उजव्यांवर दोन टक मिळायला हवे होते. इथे बरोबर उलट. म्हणजे जोर निर्दोष. मग उजव्या वळणावर वेगळं काय होतं? हँडल उजवीकडे वळतं!

रात्री साडेअकराला सायकल स्टँडवर चढवली. चेन 45 वर, एका हाताने पॅडल, दुसऱ्याने हँडल उजवीकडे. काही नाही. पार टोकापर्यंत वळवलं. काही नाही. नवऱ्याने दारातून विचारलं, 'झालं का?' त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाचवा रविवार. उजवं वळण, टक. यावेळी तिथेच उतरले. नवऱ्याला मागचं चाक उचलून धरायला लावलं (बिचारा, मागून गाडी घेऊन येत होता), पॅडल फिरवलं आणि हँडल उजवीकडे नेलं. डीरेलर माझ्या डोळ्यांदेखत आत सरकला. हँडल सरळ, डीरेलर जागेवर. पुन्हा उजवीकडे, पुन्हा आत. जी गोष्ट स्टँडवर शंभर वेळा झाली नाही ती इथे दर वेळी होत होती. सायकल तीच, केबल तीच. फरक एकच होता आणि तो माझ्या नाकासमोर लटकत होता: हँडलबारची बॅग.

बॅग काढली, टक बंद. लावली, टक चालू. तीनदा करून पाहिलं, तेही हसत हसत.

झालं असं होतं. माझ्या शिफ्टरचा (हँडलवरच्या गिअरच्या खटक्याचा) आउटर समोरून वळून हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या) डाव्या बाजूने फ्रेममध्ये शिरतो. हँडल उजवीकडे वळलं की शिफ्टर त्या तोंडापासून लांब जातो, म्हणून आउटरला मोकळं सरकायला जागा लागते. भरलेली बॅग त्यालाच हेड ट्यूबवर दाबून धरत होती. सरकायला जागा नाही, मग आउटर ताणला जातो, आत इनरला मिलीमीटरभर खेच बसते, आणि अकरा गिअरच्या सिस्टिममध्ये तेवढं पुरतं. त्यात नवीन आउटर कापताना दादांनी 'सैल असू द्या' म्हणून जरा लांब ठेवलेला, तो फुगून बॅगेखाली आणखीच दबला. म्हणजे त्या दुरुस्तीने रोग वाढवला होता. बॅग मी विकत घेतली तीही कॅसेटच्याच आठवड्यात. छोट्या राइडला ती लावत नव्हते, मेकॅनिककडे नेताना काढून ठेवत होते, स्टँडवर तर प्रश्नच नाही. रोग्याला डॉक्टरकडे नेताना दर वेळी रोग घरी ठेवून जायचे मी.

गाटा लूप्सचा विचार केला की अजून अंगावर काटा येतो. सरचूनंतर 4200 मीटरच्या आसपास सुरू होणाऱ्या 21 हेअरपिन, त्यातल्या निम्म्या उजव्या. तिथे हे कळलं असतं तर मी सायकल दरीत ढकलून उरलेला रस्ता सपोर्ट गाडीत बसून केला असता.

आता प्रश्न बॅगेचा. सामान गाडीत जाणार असलं तरी आमच्या गाइडने फोनवर स्पष्ट सांगितलंय की जॅकेट, पूर्ण बोटांचे ग्लोव्हज, दोन लिटर पाणी आणि थोडं खाणं कायम स्वतःजवळ. खिंडीत हवा फिरली आणि गाडी दोन वळणं मागे अडकली तर गाडीतल्या जॅकेटचा उपयोग शून्य. घामेजलेल्या अंगाने खिंडीवरून पंधरा-वीस किलोमीटर उतरायचं असतं, हेही आहे. पटलं. पाठीवरची सॅक मला चालत नाही, खांदे आखडतात आणि श्वास मोकळा राहत नाही, जो वर आधीच महाग. फ्रेममधली बॅग घेतली तर बाटल्यांची जागा जाते. म्हणून आत्तापर्यंत ठरलं होतं की सीटखालची मोठी बॅग घ्यायची. ऑर्डरही टाकणार होते.

हे लिहिताना मात्र वेगळंच सुचतंय. बॅग वाईट नाहीये, ती हँडलला फार चिकटून बसते एवढाच दोष. बार आणि बॅग यांच्यामध्ये दोन्हीकडे फोमचे चार सेंटीमीटरचे ठोकळे घालून पट्टे आवळले तर आउटरला मागे मोकळी पोकळी मिळेल. जुनी योगा मॅट माळ्यावर पडलीच आहे. आणि आउटर दोन सेंटीमीटर कमी करायचा. सीटखालच्या बॅगेची ऑर्डर थांबवली. उभं राहून पॅडल मारताना ती शेपटीसारखी डुलते, असं इथल्याच दोघांनी मागे लिहिलं होतं, ते आत्ता आठवलं.

बाकीची प्रगती भराभर. ट्यूबलेस टायरमधलं पंक्चर बुजवणारं सीलंट नवीन भरलं, जुनं सुकून टायरच्या आत खपलीसारखं जमलं होतं. क्लिट्स (बूट पॅडलला अडकवणारे तुकडे) घरीच, सपाट पॅडल नेणार. रस्त्यावरून वाहणारे ओढे पायी ओलांडायचे आणि खिंडीत मेंदू अर्धा चालत असताना पाय सोडवायचा, दोन्हीला तेच बरे. हवेचा हिशोबही ध्यानात ठेवा: मनालीत 30 पीएसआय भरले तर तांगलांग लावर, बाहेरचा दाब घटल्यामुळे, टायरला ते साधारण 34 सारखे लागतील. खडीवर उसळायचं नसेल तर मुळातच कमी भरा. तो तोंडावर बांधायचा ट्रेनिंग मास्क कुणी विकायला आलं तर हाकलून द्या. त्याने श्वास घ्यायला त्रास होतो, ऑक्सिजनचं प्रमाण कमी होत नाही. शरीर उंचीला सरावतं ते उंचीवर झोपून.

झोपेवरूनच एक काळजी उरली आहे. 3000 मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. आमच्या कार्यक्रमात जिस्पाला (3200) दोन रात्री आहेत ते छान, पण तिथून थेट झिंगझिंगबार, म्हणजे एका दिवसात हजारच्या आसपास. मी गाइडला मध्ये पात्सेओला एक रात्र टाकता येईल का विचारलंय. तो म्हणाला, गट तयार असेल तर शेवटचा खारदुंग लाचा दिवस कापून जमेल. दोन आठवड्यांपूर्वी मी भांडले असते. पण खारदुंग लाच्या जुन्या पाटीवरचे 18,380 फूट खरे नाहीत, खरी उंची 5359 मीटर, म्हणजे तांगलांग लापेक्षा जेमतेम तीसेक मीटर जास्त. तीस मीटरसाठी डोकेदुखी विकत घ्यायची नाही. माझं मत मी कळवलंय, गटातल्या बाकी सहा जणांचं यायचंय.

शनिवारी योगा मॅट कापते. रविवारी तोच घाट, तीच भरलेली बॅग, फोनचं रेकॉर्डिंग चालू. नवऱ्याला यावेळी घरी झोपू देणार आहे.