मोठ्या आजोबांचा फोटो आणि आत्याचं साठ साल

लिव्हरपूलला येऊन दीड वर्ष झालं, आणि आपण नागपूरचे लोक, आपल्याला पाणी म्हटलं की फुटाळा नाहीतर अंबाझरी, त्यामुळे इथल्या मर्सी नदीची भरती-ओहोटी पाहून मी अजूनही गपगार होतो. मोठ्या भरतीला पाणी जवळजवळ 10 मीटर चढतं म्हणजे तीन मजले समजा, म्हणून फेरीचा धक्काच तरंगता ठेवलाय, सकाळी उतरणीचा पूल सपाट आणि दुपारी त्याच पुलावरून घसरगुंडीसारखं खाली जायचं.

तर झालं काय, मागच्या महिन्यात बाबांनी नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराच्या पेटीतले दोन फोटो व्हॉट्सअपवर पाठवले. आजोबांचे मोठे भाऊ शिकायला बोटीने इकडे आले होते ना, त्यांचे. एकात ते धक्क्यावर उभे, ओव्हरकोट बहुतेक उसना असावा कारण बाह्या बोटांच्या टोकापर्यंत आल्यात, मागे काळ्या धुराड्याची बोट. नावाची फक्त शेवटची दोन अक्षरं दिसतात, आय आणि ए. मी लगेच शोधायला बसलो तर मुंबई-लिव्हरपूल करणाऱ्या अँकर लाईनच्या तिन्ही बोटी सर्केशिया, सिलिशिया आणि कॅलेडोनिया, म्हणजे तिघींचा शेवट तोच! घ्या आता. ही सर्व्हिस 1966 ला बंदच झाली.

दुसरा फोटो जास्त भारी आहे. मागे रॉयल लिव्हर बिल्डिंग, 1911 ची, दोन मनोरे, वर ते पक्ष्यांचे पुतळे, आणि समोर लोखंडी खांबांवरून चाललेली रेल्वे, तिचा एक डबा स्पष्ट दिसतो. मी रोज तिथून ऑफिसला जातो, तिथं असलं काही नाही बाप्पा. मग कळलं की 1893 पासून गोद्यांच्या कडेने अशी उंचावरची रेल्वे होती, पावसात गोदी कामगार तिच्या खालून चालायचे म्हणून तिला छत्रीच म्हणायचे, आणि गंज इतका चढला की दुरुस्ती परवडेना, तर 30 डिसेंबर 1956 ला बंद करून पुढे पाडूनच टाकली.

इथे घोळ झाला. आत्या आजवर सांगत आली की मोठे आजोबा साठ साली विलायतेला गेले, महाराष्ट्र झाला त्या वर्षी. पण रुळावर डबा उभा आहे म्हणजे ते 56 च्या आतच आले, तेव्हा आपलं नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. मी व्हिडिओ कॉलवर हे सगळं वकिलासारखं समजावलं. आत्या 53 ची.

ती थोडी गप्प बसली, मग म्हणे, "असं काय? म्हणजे मी तीनच वर्षांची होती काय रे? पण मला तं स्टेशनवर त्यांच्या हातातला पितळी डबा आठवते, आईनं त्यात सांबारवडी दिली होती."


आता सांबारवडीचा पुरावा कुठून शोधू.