नेट कंट्रोलची पिशवी

रविवार, रात्री

आज सकाळच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला आमच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ, क्लबने पुरवलेली संपर्कसेवा पार पडली आणि नेहमीप्रमाणे अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. तो उद्या लिहीन. आधी जे घडले ते या वहीत उतरवतो, कारण अहवालात ते मांडण्याचे धैर्य अजून गोळा व्हायचे आहे.

क्लबच्या या महिन्याच्या बातम्या तशा चांगल्याच आहेत. परवाना परीक्षेच्या वर्गातील तिघे उत्तीर्ण झाले. टेकडीवरच्या रिपीटरची, म्हणजे आमचे संदेश पुढे प्रक्षेपित करणाऱ्या संचाची, दमलेली बॅटरी आमच्यातील दोघांनी पाठीवर वाहून नेऊन बदलली आणि सांध्यातून पाणी शिरलेली अँटेनाची कोॲक्स केबलही काढून टाकली. या सगळ्या कामाला मोबदला नसतो आणि तो घेताही येत नाही, कारण हौशी रेडिओसेवेच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतच आर्थिक हितसंबंध नसणे अभिप्रेत आहे.

मोबाईल असताना तुमचे रेडिओ कशाला, असे शर्यतीच्या संयोजकांपैकी कोणीतरी हटकून विचारतेच. फोनवर एक जण एकाशी बोलतो, तर आमच्या नेटवर, म्हणजे सर्व केंद्रांच्या सामाईक रेडिओ चॅनेलवर, एकाने बोललेले सर्व केंद्रांना त्याच क्षणी कळते, हे उत्तर मी देतो आणि ते खरेही आहे. मात्र एकाने अडवलेला चॅनेलही त्याच क्षणी सर्वांसाठी अडतो, ही दुसरी बाजू मी आजवर कधी सांगितली नव्हती.

मार्गावर सहा केंद्रे होती, प्रत्येक केंद्रावर एक हॅम होता आणि नेट कंट्रोल, म्हणजे नेटवरची वाहतूक सांभाळणारा, म्हणून मी अंतिम रेषेजवळच्या तंबूत बसलो होतो. हातातले पाच वॉटचे सेट थेट एकमेकांपर्यंत पोहोचतीलच असे नसते, म्हणून सर्व वाहतूक दोन मीटर तरंगलांबीच्या बँडवरच्या रिपीटरमार्गे ठेवली होती. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच वेळी 600 किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर उंचावरून प्रक्षेपित करतो. पहिला तास इतका सुरळीत गेला की मला माझाच अभिमान वाटू लागला होता. धावपटूंची नावे हवेत जाऊ नयेत, फक्त छातीवरचा क्रमांक सांगावा, हा नियमही सर्व जण पाळत होते. हौशी बँडवर संदेश गुप्त लिपीत पाठवता येत नाही आणि ऐकणारा कोणीही असू शकतो, म्हणून तो नियम आहे.

आठच्या सुमारास माझ्या हेडफोनमध्ये अचानक शांतता पसरली. दोनदा हाका मारल्या, उत्तर आले नाही. रिपीटर बसला, असा निष्कर्ष मी क्षणात काढला आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला, बॅटरीचे टर्मिनल नीट आवळण्याइतकेही ज्यांना जमत नाही त्यांनी टेकडी चढू नये, असे बरेच काही सुनावले. वास्तविक रिपीटर धडधाकट होता. टेबलाखालच्या माझ्या पिशवीत पाण्याच्या बाटलीखाली राखीव हँडसेटचे पीटीटी, म्हणजे बोलताना दाबायचे, बटण दाबले गेले होते आणि तो सेट पाच वॉटने अखंड प्रक्षेपण करत होता. इतक्या जवळच्या प्रक्षेपणाने माझा मुख्य सेट जणू बहिरा झाला होता, त्यामुळे मला काहीच ऐकू येत नव्हते. टर्मिनलवरचे माझे व्याख्यान मात्र सहाही केंद्रांनी ऐकले, आणि त्यांपैकी दुसऱ्या केंद्रावर बॅटरी बसवणाऱ्यांतलेच एक जण होते. ते सांगणार तरी कसे? माझाच सेट रिपीटर अडवून बसला होता.

तीन मिनिटांनी रिपीटरच्या टाइमरने नियमानुसार प्रक्षेपण तोडले. रिपीटर अडला किंवा गप्प झाला की सर्वांनी ठरलेल्या सिम्प्लेक्स, म्हणजे रिपीटरशिवाय थेट बोलण्याच्या, फ्रिक्वेन्सीवर जायचे, हे सरावाच्या वेळी आम्ही पक्के केले होते आणि सर्व जण सूचनेची वाट न पाहता तिथे पोहोचले. मीही गेलो, पण तिथेही सगळे आवाज इतके क्षीण होते की मी एकाला अँटेनाचा जोड तपासायला बाहेर पिटाळले. नेमक्या त्या वेळी चौथ्या केंद्रावर एक धावपटू चक्कर येऊन कोसळला. ते केंद्र खोलगट भागात असल्याने तिथून सिम्प्लेक्सवर माझ्यापर्यंत काहीच पोहोचत नव्हते. तिसऱ्या केंद्राने तो संदेश मध्येच उचलला, क्रमांक, ठिकाण आणि रुग्णवाहिकेची गरज एवढेच तीन तुकडे करून सावकाश पुढे दिला, आणि मला तो दुसऱ्या खेपेस कळला. रुग्णवाहिका वेळेत पोहोचली आणि धावपटू सावरला, पण पहिली खेप वाया गेली ती माझ्यामुळे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

परवाना मिळून जेमतेम महिना झालेली आमची सर्वांत नवी सभासद वैद्यकीय पथकाबरोबर होती. लपवलेला ट्रान्समीटर शोधण्याचा फॉक्स हंटचा खेळ तिने दोनदाच खेळलेला, तरी तिने आपल्या सेटवर रिव्हर्स दाबून रिपीटर ज्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो तीच ऐकायला सुरुवात केली. अँटेना काढून टाकली तरी सिग्नल भरभक्कम, म्हणजे उगम अगदी जवळ. ती तंबूकडे येऊ लागली तशी तिच्या स्पीकरचा आवाज पिशवीतल्या माइकमध्ये शिरून शिट्टी घुमू लागली. टेबलाजवळ येताच ती असह्य झाली.

"काका, ही शिट्टी तुमच्या पिशवीतून येते आहे," ती म्हणाली. माझ्या कानांवर तेव्हाही हेडफोन होते, त्यामुळे तिला ते दोनदा सांगावे लागले.

राखीव सेटची बॅटरी आता वेगळ्या कप्प्यात ठेवली आहे. दुसऱ्या केंद्रावरच्या गृहस्थांची दुपारीच माफी मागितली. ते नुसते हसले आणि टर्मिनल नेमके किती आवळले होते ते त्यांनी मला सविस्तर समजावले, आणि मी निमूटपणे ऐकून घेतले. पुढच्या शर्यतीला नेट कंट्रोलच्या खुर्चीवर त्या मुलीला बसवावे असे मी कार्यकारिणीला सुचवणार आहे, मी तिसऱ्या केंद्रावर उभा राहीन.

लॉगमध्ये त्या मिनिटांपुढे 'अज्ञात कारणाने चॅनेल व्यस्त' असे मी सकाळी घाईत लिहिले होते. आत्ता ते खोडून 'नेट कंट्रोलची पिशवी' असे लिहिले आणि खाली माझी कॉल साइन, म्हणजे हवेवरची माझी ओळख, घातली.