ऊन हाय, मंग लाइन काऊन नाई?

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या 5 मेगावॅटच्या सौर प्रकल्पावर सकाळपासून उत्पादन झकास चाललं होतं. विदर्भात मे महिन्यात प्लेटा सगळ्यात जास्त वीज देत असतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण प्लेट तापली की तिचा जोर उतरतो. 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के वीज कमी होते, आणि मे महिन्यात हवेत 45 अंश असले तर प्लेट 65 अंशांपर्यंत गेलेली असते. फेब्रुवारीत आभाळ स्वच्छ आणि हवा गार, म्हणून स्क्रीनवर 4 मेगावॅटचा आकडा दिसत होता. साडेअकराच्या सुमारास तो एकदम शून्यावर आला.

उपकेंद्रातून ऑपरेटरचा फोन आलाच. उपकेंद्राला वीज आणणारी 33 केव्हीची, म्हणजे 33 हजार व्होल्टची, लाइन गेली होती, बिघाड कुठे ते माहीत नव्हतं, वायरमन लाइनीनं चालत तो शोधायला निघाले होते. लाइन नाही म्हणजे उपकेंद्र बंद, आणि उपकेंद्र बंद म्हणजे प्लेटांची वीज लाइनला चालेल अशी करणारे आमचे इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत आपोआप थांबतात. हे सगळं नियमाप्रमाणेच होतं. पण गेटवर पाऊण तासात वीसेक शेतकरी जमले, त्यांना हा नियम कुणी सांगितलेला नव्हता.

गहू ओंबीवर होता, हरभऱ्याचे घाटे भरत होते. पाणी आत्ताच लागतं. एक म्हातारे बाबा पुढे आले आणि प्लेटांकडे हात करून म्हणाले, "मॅडम, ऊन तं टकटकीत पडून रायलं. तुमच्या पाट्या तं तशाच उभ्या हायेत. मंग लाइन काऊन नाई?"

त्यांचा राग मला कळत होता. इथे कृषिपंपांना आठवड्यात काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास वीज, असं चक्र वर्षानुवर्षं चाललं. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी आणि काठी घेऊन वावरात जायचा. साप, रानडुक्कर, आणि टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला तर वाघाची भीती. 2017 मध्ये शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली तेव्हा राळेगणसिद्धीबरोबर आमच्याच जिल्ह्यातलं कोळंबी पहिल्या प्रकल्पांसाठी निवडलं गेलं. 2023 पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि आमच्यासारखे प्रकल्प उपकेंद्रांच्या आसपास उभे राहू लागले. आमच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांकडे जाणाऱ्या वाहिनीवर, दिवसाची लाइन आल्यापासून रात्रीची जागल सुटली होती. ती दिवसाची लाइनच आज गेली होती, आणि तीही भर उन्हात.

गर्दीतला एक पोरगा म्हणाला, "लगनात लाइन गेल्यावर जनरेटर चालते ना? मंग हे काऊन नाई चालत?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी सांगितलं, जनरेटर स्वतःचा ताल स्वतः धरतो. आमचे इन्व्हर्टर लाइनमधला सेकंदाला 50 वेळा पडणारा ठोका ऐकून त्याच्या तालावर वीज सोडतात. ठोका थांबला की ते थांबतात. "आणि समजा जबरदस्तीनं चालू केले, तर आमची वीज उपकेंद्रात जाईल, तिथला ट्रान्सफॉर्मर उलटा चालून तिला 33 हजार व्होल्टची करेल आणि ती त्या बिघडलेल्या लाइनवर जाईल. तिथं आत्ता खांबावर माणूस चढलेला असेल."

बाबांचा विश्वास बसला नाही. बसावा तरी का? आजवर लाइन का गेली याचं खरं कारण त्यांना कुणी सांगितलं होतं? तेवढ्यात बिघाड सापडल्याचा फोन आला, नाल्याजवळच्या खांबावर. मी बाबांना आणि त्या पोराला जीपमध्ये बसवलं आणि तिकडे नेलं.

वायरमननी परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी, घेतलं होतं, तिन्ही तारांवर अर्थिंगचे रॉड अडकवले होते आणि त्यांची जाडी तांब्याची केबल जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधली होती. वर एक तरुण पोरगा कमरेला दोर बांधून जळका जम्पर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा, सोडवत होता. त्यानं फुटलेला पिन इन्सुलेटर, म्हणजे तारेतली वीज खांबात उतरू न देणारा चिनीमातीचा ठोकळा, दोरीनं खाली सोडला. पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत काळी रेघ उमटली होती, बाजूचा टवका उडाला होता. बाबांनी तो हातात घेतला, बोटानं काळं पुसून पाहिलं आणि वर पाहत विचारलं, "हे कवाचं हाय?"

खालचा वायरमन म्हणाला, "बाबा, मी नोकरीले लागलो तवाचं तं असंनच."

"मंग पाट्या नव्या अन् तार जुनीच?"

मला जे कितीतरी दिवस सांगायचं होतं ते बाबांनी असं एका दमात विचारलं. आपण सौर प्रकल्प मोजतो ते मेगावॅटमध्ये. उद्घाटनाच्या पाटीवर तोच आकडा असतो. त्या पाटीवर 33 केव्हीची लाइन नसते, इन्सुलेटर नसतो, एका वायरमनकडे किती गावं आहेत तेही नसतं. मग भर दुपारी एवढं ऊन असून तीन तासांत आमची 12 हजार युनिट वीज वाया जाते. देशाच्या ग्रिडमधलं एक युनिट सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड सोडून येतं, म्हणजे एका फुटक्या इन्सुलेटरमुळे जवळजवळ आठ टन. दुपारी राहिलेलं ओलित रात्री केलं तर ती वीज चंद्रपूर, कोराडीच्या कोळशाचीच.

आणि खरं तर ओलितासारखा सौरऊर्जेला जुळणारा दुसरा वापर नाही. घरातला दिवा संध्याकाळीच लागतो, त्याला बॅटरी हवी. गव्हाला पाणी दुपारी दिलं तरी चालतं, उलट शेतकऱ्याला तेच हवं असतं. आमचे 4 मेगावॅट म्हणजे 5 एचपीचे हजारभर पंप. शेतकऱ्याची झोप आणि हवेत जाणारा कार्बन, दोन्ही एकाच तासात वाचतात. इतका सरळ हिशोब तारेपायी बिघडावा, याचा मला त्या दिवशी मनापासून संताप आला.

अडीच वाजता लाइन आली. इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाहीत, लाइन स्थिर आहे का ते काही मिनिटं पाहतात. तोवर बाबांचा नव्या पाट्या आणि जुन्या तारेचा प्रश्न गेटवर थांबलेल्या सगळ्यांना विचारून झाला होता. मग एकेका इन्व्हर्टरचा आकडा चढू लागला आणि लोक आपापल्या वावराकडे पळाले.

पुढच्या ग्रामसभेत सरपंचबाईंनी मला बोलावलं. पावसाळ्याआधी सगळ्या लाइनची तपासणी, जुने इन्सुलेटर बदलणं आणि उपकेंद्राला दुसऱ्या बाजूनं पुरवठा, असा तीन मागण्यांचा ठराव झाला. बाबांनी तो फुटका इन्सुलेटर सोबत आणला होता. नाल्याकाठच्या तारांजवळच्या फांद्या परमिट घेऊन, वायरमनच्या देखरेखीखाली गावानं तोडल्या. इन्सुलेटर बदलायला सुरुवात झाली आहे. दुसऱ्या पुरवठ्याच्या अर्जावर सरपंचबाईंची आणि माझी, दोघींच्या सह्या आहेत, आणि त्याचा पाठपुरावा आम्ही सोडलेला नाही.