कापूस फुटायच्या आत: द्विशिक्षकी शाळेचं वर्ष

कागदावर शाळेचं वर्ष १५ जूनला सुरू होतं आणि १ मेच्या निकालाला संपतं. पहिली ते पाचवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिलेत. पण खानदेशात साक्री, शहादा, चाळीसगावकडच्या जिल्हा परिषद शाळेत पूर्ण पट एकत्र बसलेला दिसतो तो जुलैपासून दसऱ्यापर्यंत. पुढे ऊसतोडीच्या गाड्या भरतात, कापूस फुटतो आणि निम्म्या सतरंज्या रिकाम्या पडतात. म्हणून वाचन आणि संख्याज्ञान यांचा जड भाग दसऱ्याआधीच उरकायचा. छापील वार्षिक नियोजनात घटक सगळ्या महिन्यांत सारखे वाटलेले असतात. ती वही तपासणीसाठी ठेवावी. भिंतीवर आपलं नियोजन लावावं.

दोन शिक्षक, चार वर्ग. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, ही वाटणी बहुतेक ठिकाणी असते. प्रभारी मुख्याध्यापकाने मोठे वर्ग घ्यावेत हे बरं, कारण केंद्रप्रमुखांच्या कार्यालयातून फोन आला, तातडीची माहिती मागितली, तर चौथीची पोरं अर्धा तास स्वाध्याय करत बसतात. पहिलीतली बसत नाहीत. कागदपत्रांचं काम मात्र आठवड्याच्या पाळीने वाटू नये. पोषण आहाराची नोंद दोघांनी आलटून पालटून ठेवली की महिनाअखेर शिल्लक तांदूळ जुळत नाही: एक जण गोणीवर छापलेले ५० किलो लिहितो, दुसरा प्रत्यक्ष वजन करून येईल तो आकडा. गोणी उतरवून घेतानाच काट्यावर घालावी आणि पावतीवर खरं वजन लिहूनच सही करावी.

पहिली ते पाचवीला प्रत्येकी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. म्हणजे ४६ मुलं हजर असतील तर ४ किलो ६०० ग्रॅम तांदूळ आणि ९२० ग्रॅम डाळ. हा हिशोब परिपाठानंतर हजेरी मोजून स्वयंपाकी मावशींना सांगायचा, पटावरून नाही. बाजाराच्या दिवशी आणि श्रावणातल्या कानबाई या खानदेशी देवीच्या विसर्जनाच्या सोमवारी हजेरी हमखास घसरते. त्या दिवशी पटाप्रमाणे शिजवलं तर अर्धी खिचडी वाया. पावसाळ्यात गोण्या फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवाव्यात. ओल भिंतीतून येते, आणि तूरडाळीत सोंडे झाले की निवडण्यात मावशींची सकाळ जाते.

सप्टेंबर हा सगळ्यात चिडचिडीचा महिना, आणि त्याचं कारण पोरं नव्हेत. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवणारी मान्यता, होते आणि त्यात आधार जुळलेली मुलंच धरली जातात. न जुळण्याची कारणं ठरलेली: आधारवर जन्मतारीख सरसकट १ जानेवारी, आडनाव एकीकडे पावरा तर दुसरीकडे पवार, वडिलांच्या नावात कुठे ‘भाई’ लागलेलं तर कुठे गळलेलं. आधी जनरल रजिस्टर (शाळेतली प्रवेशाची मूळ नोंदवही) आणि ग्रामपंचायतीचा जन्मदाखला समोरासमोर ठेवावा. रजिस्टर बरोबर असेल तर आधार दुरुस्त करून घ्यायचं. सरकारी पोर्टलवरची मुलाची नोंद आधारसारखी करून टाकायचा मोह होतो. तेव्हापुरतं जुळतंही, पण पुढे जातीच्या दाखल्याला तेच पोर अडकतं. हे काम जुलैतच काढावं. सप्टेंबरमध्ये तालुक्याच्या आधार केंद्रावर रांग असते आणि पालक निंदणीवर.

वर्गातली अडचण निराळी. अहिराणी घरातलं पोर ‘शाया’, ‘डोया’ म्हणतं, मग श्रुतलेखनात ‘ळ’च्या जागी ‘य’ उमटतो. त्याला लाल शाईने फुली मारून काही साधत नाही. कानाने ऐकलेलं त्याने प्रामाणिकपणे लिहिलंय. ‘काय-काळ’, ‘माया-माळा’ अशा जोड्या रोज पाच मिनिटं मोठ्याने म्हणून घेतल्या तर फरक कानाला कळतो, मगच हाताला. तोंडी उत्तर अहिराणीत आलं तर खुशाल बरोबर धरावं. धडगाव, अक्कलकुव्याकडे पावरी-भिली बोलणाऱ्या मुलांना तर पहिले दोन-तीन महिने चित्रं आणि गोष्टींवरच ठेवावं. तिथे पाठ्यपुस्तकाची घाई केली की पोर गप्प बसायला शिकतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची यादी दसऱ्याच्या आत तयार हवी. आजी-आजोबांजवळ राहू शकणारी मुलं हंगामी वसतिगृहासाठी, आणि त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. जी जाणारच त्यांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड द्यावं आणि ते कशासाठी हे आईला समजावून सांगावं. वडिलांच्या खिशात गेलेलं कार्ड तिकडच्या शाळेत पोहोचत नाही. पटावरचं नाव कमी करू नये. परतलेल्या मुलाला वर्गाच्या पुढच्या पानावर बसवणं हा अन्यायच म्हणायचा. तो गेला तेव्हा कुठे होता ते त्याच्या नावापुढे एका ओळीत लिहून ठेवलं असेल, ‘जोडाक्षरं अडतात’, ‘हातच्याची वजाबाकी येते’, तर तिथूनच धरता येतं. दिवाळीनंतर गाडी भरताना पाहून वाईट वाटतं ते प्रत्येक शिक्षकाला. त्या वाईट वाटण्यापेक्षा ही एक ओळ जास्त कामी येते.

मार्चपासून सकाळची शाळा. पत्र्याच्या खोलीत दहानंतर डोकं चालत नाही, म्हणून गणित पहिल्या तासाला, भाषा नंतर, चित्रकला शेवटी व्हरांड्यात. खानदेशचं ऊन ठाऊक असणाऱ्याने वेळापत्रक केलं असतं तर एप्रिलच्या शेवटाला परीक्षा ठेवलीच नसती. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास मुली मामाच्या गावाला, झोक्यावर. तोंडी परीक्षा त्याआधीच घेऊन टाकावी.

निकालपत्रकं लिहून झाली की सुट्टी लागायच्या आत अंगणवाडीत जाऊन पुढच्या पहिलीची नावं आणि जन्मदाखल्यांच्या झेरॉक्स घ्याव्यात. ज्यांचा दाखलाच निघालेला नाही त्यांची यादी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) मे महिन्यातच द्यावी. जूनमध्ये त्यांच्या टेबलावर शेतकऱ्यांचे कागद असतात.