डॉक्सची डागडुजी : या तिमाहीची नोंद

मागच्या नोंदीच्या शेवटी इन्स्टॉलेशनचं पान हातात घेते म्हटलं होतं. ते झालं, मर्जही झालं (म्हणजे मुख्य प्रोजेक्टमध्ये घेतलं गेलं). ठरवलेल्यातलं बाकीचं बरंचसं जागच्या जागी आहे आणि न ठरवलेलं भरपूर झालं, म्हणजे नेहमीचंच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: फायलींची नावं घाऊक बदलणारं एक ओपन सोर्स कमांड लाइन टूल आहे, पायथनमध्ये लिहिलेलं. मोजके मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे), सगळे नोकरी सांभाळून करणारे. मी त्यात कोड लिहीत नाही. डॉक्स (टूल कसं वापरायचं ते सांगणारी पानं), आलेल्या इश्यूंची (लोकांनी कळवलेल्या अडचणींची) छाननी आणि अधूनमधून भाषांतर, एवढंच माझ्याकडे.

इन्स्टॉलेशनचं पान

पान दिसायला एवढंसं. तीन कमांड, मग 'आता तुम्ही तयार आहात'. पहिलीच कमांड सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) पिप इन्स्टॉल; पिप म्हणजे पायथनची पॅकेजं टाकणारं साधन. लिहिली तेव्हा ती चालत होती. जून 2023 मध्ये डेबियन 12 (लिनक्सचं एक डिस्ट्रिब्युशन) आलं आणि तिथे ती बंद पडली. कारण पेप 668, पायथनच्या अधिकृत प्रस्तावांपैकी एक. सिस्टिमच्या पायथनवर ताबा असतो डिस्ट्रिब्युशनच्या पॅकेज मॅनेजरचा. त्यात पिपने परस्पर काही घुसडलं तर दोघांची भांडणं लागतात आणि सिस्टिमचीच साधनं मोडतात. म्हणून डिस्ट्रिब्युशनवाल्यांनी एक खूणफाईल ठेवायची, आणि ती दिसली की पिपने हात वर करायचे, अशी ती सोय. वापरणाऱ्याला दिसतो तो 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा लांबलचक एरर.

डॉक्स गप्प असल्यावर लोकांनी आपापसांत तोडगा काढला. इश्यूमध्ये कुणीतरी 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा फ्लॅग सुचवला आणि सगळ्यात जास्त अंगठे त्यालाच पडले. फ्लॅगच्या नावातच धोक्याची पाटी लटकवलेली आहे, तरी! पण त्यांना दोष कसा द्यायचा? अधिकृत पान मदतीला येत नसेल तर माणूस मिळेल ती काडी धरणारच.

नवीन मजकूर लिहायला फार वेळ लागला नाही. वेळ खाल्ला तो पडताळणीने. माझी पद्धत अशी: डेबियन 12 चा कोरा कंटेनर (मशीनच्या आतच चालणारी वेगळी, स्वच्छ सिस्टिम) उघडायचा, पानावरची एकेक ओळ जशीच्या तशी चिकटवायची, आणि आपल्या डोक्यातलं ज्ञान मध्ये आणायचं नाही. अडलं की तिथेच थांबून नोंद करायची. पहिल्या मसुद्यात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजं टाकायची स्वतंत्र जागा) करायला सांगितलं होतं. ते अडलं, कारण डेबियनवर त्यासाठीचा भाग पायथनबरोबर येत नाही, पायथन3-व्हेन्व्ह हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. माझ्या रोजच्या लॅपटॉपवर ते कधीचं टाकलेलं, त्यामुळे तिथे ही अडचण जन्मात दिसली नसती.

मग चर्चेअंती पिपएक्सवर शिक्कामोर्तब झालं. एखादं टूल नुसतं वापरायचं असेल तर तेच बरं, प्रत्येक टूलला ते आपोआप स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट करून देतं. पण तिथेही एक गोम आहे. ॲप्टने (डेबियनच्या पॅकेज मॅनेजरने) पिपएक्स टाकलं, पिपएक्सने टूल टाकलं, सगळं सुरळीत झाल्याचा संदेशही आला, आणि टूलचं नाव टाइप केलं की 'कमांड नॉट फाउंड'. टूल जिथे जाऊन बसतं ते फोल्डर पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, नसतं. पिपएक्सचं 'एन्शुअरपाथ' चालवायचं आणि टर्मिनल नव्याने उघडायचं. 'टर्मिनल नव्याने उघडा' हे चार शब्दांचं वाक्यही नाही, पण माझ्या मते या अख्ख्या पानातलं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच.

कंटेनर म्हणजे खरं मशीन नव्हे, हेही ध्यानात ठेवा. डेबियनच्या अधिकृत इमेजमध्ये सुडो नसतं आणि पॅकेजांच्या याद्या रिकाम्या असतात, त्यामुळे आधी ॲप्ट अपडेट करावंच लागतं. तिथे सुडो अडलं म्हणून पानावरून ते काढून टाकलं तर खऱ्या मशीनवरच्या माणसाची पंचाईत.

जाता जाता दोन खोडी काढून टाकल्या. एक, कमांडच्या आधी छापलेलं डॉलरचं चिन्ह. जाणत्याला ते प्रॉम्प्ट म्हणून कळतं, नवखा ते कमांडसकट कॉपी करतो. दुसरी, 'इथे तुमच्या फोल्डरचं नाव टाका' यासाठी वापरलेले कोनी कंस. ते तसेच चिकटवले तर शेल (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) त्यांना इनपुट-आउटपुट वळवायची खूण समजतं, आणि ओळ तिथेच संपत असेल तर सिंटॅक्स एरर देऊन मोकळं होतं. आता प्रत्येक उदाहरणात खरं वाटेल असं फोल्डरचं नाव आहे आणि खाली एक ओळ: हे नाव बदलून घ्या.

एक टप्पा राहिलेला गोंधळ

'सुरुवात करा' हे पान वर्षानुवर्षं फुगत गेलंय. ज्याला जे सुचलं ते त्याने तिथेच चिकटवलं. डॅनिएले प्रोचिदा यांची डायटॅक्सिस ही मांडणी तुम्हाला माहीत असेलच: शिकवणारा धडा, नेमकं काम करून देणारी कृती, संदर्भासाठीचा तक्ता आणि समजावून सांगणारं विवेचन, हे चार प्रकार वेगळे ठेवायचे. मी धड्यातून ऑप्शनचा तक्ता उचलून संदर्भात हलवला. तो आता टूलच्या हेल्पमधूनच तयार होतो, स्फिंक्सला (डॉक्सची पानं तयार करणाऱ्या साधनाला) त्यासाठी आयतं एक्स्टेन्शन मिळतं; जोडणी एका मेंटेनरने करून दिली. विवेचनाचा भाग मात्र कुणालाच लिहायचा नाहीये, मलाही. ते घोंगडं भिजत पडलंय आणि सध्या पडू दे. चारही खाने भरलेच पाहिजेत असा हट्ट छोट्या प्रोजेक्टमध्ये करू नये, असं माझं मत होत चाललंय. रिकामं पान दुव्यासकट ठेवण्यापेक्षा नसलेलं बरं.

इश्यूंची छाननी

मला आता गिटहबवर (प्रोजेक्टचा कोड आणि इश्यू जिथे असतात त्या साइटवर) 'ट्रायाज' भूमिका मिळाली आहे. यात लेबल लावता येतं, इश्यू बंद करता येतो, डुप्लिकेट म्हणून खूण करता येते, पण कोडला हात लावता येत नाही. कोड न लिहिणाऱ्यांनी ही भूमिका जरूर मागून घ्यावी. मेंटेनरलाही देताना धाकधूक वाटत नाही.

यातली एक गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. 'नाव बदलत नाही, फाईल आधीच आहे म्हणतं' अशा तक्रारी वेगवेगळ्या शब्दांत बरेच दिवस येत होत्या. कुणी लिहिलेलं 'बग आहे', कुणी 'चालत नाही', एकाने नुसताच स्क्रीनचा फोटो. मेंटेनर लिनक्सवर, त्याच्याकडे काही घडेना, म्हणून 'रिप्रोड्यूस होत नाही' असं लेबल लागून सगळ्या तशाच. मी त्या एकत्र केल्या आणि प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारल्या: कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, कोणतं व्हर्जन, आणि फाईलचं जुनं-नवं नाव अक्षरशः जसं आहे तसं. उत्तरं येत गेली तसं चित्र स्पष्ट झालं. सगळे मॅक किंवा विंडोजवाले, आणि सगळ्यांच्या जुन्या-नव्या नावात फरक फक्त कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा.

म्हणजे कॅपिटल अक्षरांतलं नाव स्मॉल करायचं. मॅक आणि विंडोजच्या फाईल सिस्टिम सर्वसाधारणपणे अक्षरांचा हा भेद लिहून ठेवतात, पण शोधताना मानत नाहीत. टूल विचारतं, नव्या नावाची फाईल आधीपासून आहे का? सिस्टिम म्हणते, आहे. ती असते जुनीच फाईल. टूल घाबरून थांबतं. लिनक्सवर ती दोन नावं दोन वेगळ्या फायली असल्याने प्रश्नच येत नाही. मी एवढंच लिहून, दोन ओळींत कृती दिली आणि बाकीचे इश्यू याला डुप्लिकेट म्हणून जोडले. पुढे मेंटेनरने 'ती तीच फाईल आहे का' अशी तपासणी घातली. इतके दिवस रखडलेलं काम अडलं होतं ते कोडपाशी नव्हे, प्रश्न विचारण्यापाशी.

त्यातून इश्यूचा नमुनाही सुधारला. पूर्वी त्यात भलते रकाने होते, लोक कंटाळून सगळे पुसून टाकायचे. आता वर सांगितलेले तीनच.

भाषांतर आणि चित्रं

भाषांतरात नवीन काही घेतलं नाही, फक्त 'फझी' खूण लागलेले संदेश आधी काढले. गेटटेक्स्टवर (प्रोग्रॅममधल्या संदेशांच्या भाषांतराच्या साधनावर) काम करणाऱ्यांना ठाऊक आहे, मूळ संदेश थोडा जरी बदलला तरी जुन्या भाषांतरावर ही खूण बसते, आणि ती असेपर्यंत तो संदेश सहसा अंतिम फाईलमध्ये जातच नाही. वापरणाऱ्याला मध्येच इंग्रजी दिसतं. बहुतेक वेळा बदल एखाद्या पूर्णविरामाचा असतो. कमी कष्टात सगळ्यात जास्त फरक दिसतो तो इथे.

टर्मिनलचे स्क्रीनशॉट मात्र मी सरळ उडवले आणि त्या जागी मजकूर ठेवला. चित्रातली कमांड कॉपी होत नाही, शोधात सापडत नाही, स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, आणि पुढच्या रिलीजला जुनी होते. ग्राफिकल प्रोग्रॅमची गोष्ट वेगळी. तिथे चित्र लागतंच, पण पर्यायी मजकुरासकट.

श्रेयाबद्दल थोडं

गिटहबने 2017 मध्ये केलेल्या पाहणीत 93 टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा जुन्या डॉक्युमेंटेशनचा त्रास सांगितला होता, आणि योगदान देणाऱ्यांतले 60 टक्के म्हणाले होते की आम्ही त्याला क्वचित किंवा कधीच हात लावत नाही. हा आकडा अनेकदा नाराजीने सांगितला जातो. मला त्यात आश्चर्य वाटत नाही, कारण छाननीचा एकही कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) होत नाही आणि गिटहबवरच्या योगदानाच्या आलेखात हिरवा चौकोन उमटत नाही. आमच्या प्रोजेक्टने आता ऑल कंट्रिब्युटर्सची पद्धत घेतली आहे. त्यात डॉक्स, भाषांतर, बग कळवणं, रिव्ह्यू अशा प्रत्येक कामासाठी वेगळं इमोजी असतं आणि रीडमीत (प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या फाईलमध्ये) नावासमोर लागतं. पोरकट वाटेल, पण बग नीट कळवणाऱ्या एका गृहस्थांचं नाव तिथे लागल्यापासून त्यांच्या तक्रारी आणखी नेटक्या येऊ लागल्यात.

दुसरी बाजूही आहे. 2020 च्या हॅकटोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला योगदान देण्याचा ऑक्टोबरमधला उपक्रम) टी-शर्टासाठी रीडमीत एखादं विशेषण घालून पाठवलेल्या पुल रिक्वेस्टींचा (हा बदल घ्या अशा विनंत्यांचा) पूर आला होता, आणि शेवटी ज्या प्रोजेक्टांना हवं असेल त्यांनीच सहभागी व्हायचं असा नियम करावा लागला. त्यामुळे एकेका स्पेलिंगची वेगळी पुल रिक्वेस्ट मी पाठवत नाही. रिव्ह्यू करणाऱ्याचा वेळ बदल लहान आहे म्हणून वाचत नाही. पान हातात घेतलं की त्यातल्या सगळ्या चुका एकदम.

पुढे

स्फिंक्सची दुवे तपासायची सोय सुरू करायची आहे. ती प्रत्येक पुल रिक्वेस्टवर लावायला माझा विरोध आहे: भलत्याच कुणाची साइट तासभर बंद पडली म्हणून तिसऱ्याच माणसाचं काम लाल दिसायला नको. आठवड्यातून एकदा वेळ लावून चालवायची आणि तुटलेल्यांचा एक इश्यू आपोआप उघडायचा, असं मांडलंय. मेंटेनर अनुकूल दिसतात.

विंडोजचा विभाग अजून कोऱ्या मशीनवर कुणी चालवून बघितलेला नाही, तसं पानाच्या वर लिहूनच ठेवलंय. पॉवरशेलवर पिपएक्स टाकल्यावर पाथचं काय होतं, ते पायथन कुठून टाकलंय त्यावर बदलतं का, हे कुणी ओळीने करून नोंदवलं तर मसुदा माझ्याकडे तयार आहे.