खुनी कोण, हा प्रश्न तासभर बाजूला ठेवला तेव्हा

एम.ए.च्या मुलांना मी एकोणिसाव्या शतकातलं लंडन शिकवते. लंडनच्या व्हाइटचॅपेल वस्तीत १८८८ साली झालेल्या बायकांच्या खुनांचा तास असला की वर्ग गच्च भरतो. हे खून करणारा, कधीच न सापडलेला जॅक द रिपर कोण, यावर रात्र-रात्र व्हिडिओ बघून आलेली मुलं असतात. त्या दिवशी तर मी पोचायच्या आधीच फळ्यावर संशयितांची नावं होती. ती मी राहू दिली आणि प्रत्येक बाकावर एक कागद ठेवला. खून झालेल्या बायकांपैकी एक, कॅथरीन एडोज, हिच्या मृतदेहाजवळ काय काय सापडलं, त्याची पोलिसांनी केलेली यादी.

चहाची डबी, साखरेची डबी. साबणाचे ६ तुकडे. मातीच्या २ चिलमी. बारीक दातांची फणी, पांढऱ्या मुठीची सुरी, चमचा. एकच लाल हातमोजा. मोहरीच्या डब्यात गहाणाच्या २ पावत्या. पांढऱ्या चिंध्यांचे १२ तुकडे.

"एवढं सगळं बरोबर घेऊन कोण फिरतं?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

मग लॉजिंग हाऊसबद्दल सांगावं लागलं. एका माणसाच्या बिछान्याला रात्रीचे ४ पेन्स. खोली नाही, कपाट नाही, फक्त बिछाना. नदीकाठच्या पेठेत राहणारा एक मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे कॉट बेसिसच की, मॅडम. पण रोजच्या रोज." अगदी बरोबर. भाडं रोजच्या रोज. रात्री खिशात पैसे नसले तर बाहेर. ३१ ऑगस्टच्या पहाटे मारली गेलेली मेरी ॲन निकोल्स अशीच पैसे नाहीत म्हणून थ्रॉल स्ट्रीटवरच्या लॉजमधून परत पाठवली गेली होती. तिच्या परकरांवर लॅम्बेथच्या वर्कहाऊसचा, म्हणजे निराधारांना काम करवून आसरा देणाऱ्या सरकारी संस्थेचा, शिक्का होता आणि त्या शिक्क्यावरूनच तिची ओळख पटवायला सुरुवात झाली.

एडोज ४६ वर्षांची होती. सप्टेंबरमध्ये ती तिच्या जोडीदाराबरोबर, जॉन केलीबरोबर, केंट परगण्यात हॉप्सच्या (बिअरमध्ये घालतात त्या फुलांच्या) तोडणीला गेली होती. तिथून दोघं लंडनला पायी परतली, हातात काहीच शिल्लक नाही. केलीने कॉरोनरसमोर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, दिलेली साक्ष मी वाचून दाखवली. मिळालेल्या ६ पेन्सांतले ४ त्याने घेऊन बिछाना गाठावा आणि आपण २ पेन्स घेऊन वर्कहाऊसच्या मोफत वॉर्डात जावं, असं तिनेच ठरवलं. पुढे त्याचे बूट अडीच शिलिंगांना गहाण पडले. ती आत पावती घेत असताना हा बाहेर अनवाणी उभा. कागदावरच्या पावतीवर बोट ठेवून एकाने विचारलं, "ही तीच का?" हो, एक पावती त्याच बुटांची.

चिंध्यांपाशी वर्ग अडला. जखमेला बांधायला, भांडी पुसायला, असे तर्क झाले. तेवढ्यात पुढच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, "काही डागाळलेल्या होत्या असं लिहिलंय ना? पाळीसाठी असतील. घर नसलेल्या बाईने त्या ठेवायच्या कुठे? बरोबरच बाळगणार." दोन-तीन मुलांनी माना खाली घातल्या. तिने मात्र आवाज जराही खाली आणला नाही. मला तिचा फार अभिमान वाटला. ४६ व्या वर्षी, पोटाला धड नसताना आणि रस्त्यावर रात्री काढताना बाईला शरीराचं एवढंही सांभाळावं लागतं, हे खुन्याच्या शोधात निघालेल्या कितीजणांच्या मनात आलं असेल?

एडोजच्या शेवटच्या रात्रीचा क्रम आम्ही मिळून लावला. २९ सप्टेंबरला संध्याकाळी ऑल्डगेटला दारूच्या नशेत सापडली, म्हणून पोलिसांनी तिला बिशप्सगेट चौकीत ठेवलं. शुद्धीवर आल्यावर रात्री १ च्या सुमारास सोडलं. पाऊण तासात माइटर स्क्वेअरमध्ये गस्तीवरच्या शिपायाला प्रेत सापडलं. त्या अवेळी तिला सोडून दिल्याचा राग मुलांना आला, आणि तो मला रास्त वाटतो.

घंटा झाली तरी कुणी उठेना. लॉजमध्ये सोबत असलेल्या लहान मुलांचं काय व्हायचं, वर्कहाऊसमध्ये नवरा-बायकोला वेगळं का ठेवायचे, गहाण सोडवायला किती दिवस मिळायचे, असे प्रश्न येत राहिले. सकाळी फळ्यावर नावं लिहिणाऱ्या मुलाने तर सत्राच्या निबंधासाठी ईस्ट एन्डमधले (लंडनच्या पूर्वेकडच्या गरीब भागातले) गहाणवाले हा विषय मागून घेतला.

तेव्हापासून या तासाची सुरुवात मी यादीनेच करते. संशयितांसाठी शेवटची दहा मिनिटं ठेवलेली असतात आणि बहुतेक वेळा तीही पुरत नाहीत, कारण चर्चा अजून भाड्यावरच चाललेली असते.